न दिसणारा ठिपका

मी एक डबी बोलतेय. पत्र्याची, चपटी, तळहातावर मावेल एवढी. झाकणाला एका बाजूने पोचा आहे, त्यामुळे मला उघडायचं तर नख लावावं लागतं. पोटात काठोकाठ तपकिरी रंग होता. आता कडेकडेने थोडा उरलाय आणि मधला पत्रा उघडा पडलाय. टीव्हीवरच्या मालिकांतले चेहरे तुम्ही रोज बघता ना, ते रंगवणाऱ्या एका माणसाच्या पेटीत माझं आयुष्य गेलं. त्याला सगळे रंगदादा म्हणतात.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही, एका स्वयंपाकघरात झाला. एका विनोदी मालिकेत मोलकरणीचं काम होतं. त्यासाठी निवडलेली नटी दुधासारखी गोरी. दिग्दर्शकाने फर्मावलं, "दादा, हिला काळी करा. मोलकरीण वाटली पाहिजे." आता बाजारातले तयार तपकिरी रंग दिव्यांखाली राखेसारखे दिसतात. रंगदादा कामाच्या बाबतीत काटेकोर. घरी आल्या आल्या त्याने पेटी ओट्यावर उघडली आणि बायकोला हाक मारली, "अगं, जरा हात दे बघू."

"हात एकदाच दिलाय. परत कितीदा मागाल?" ती म्हणाली आणि भाजीचे हात पुसत खिडकीपाशी आली.

ती रुग्णालयात परिचारिका होती. भिजल्या मातीसारखा गडद, तुकतुकीत हात तिने उजेडात धरला. रंग जुळवायची एक रीत असते. कातडीवर ठिपका लावायचा, तो दिसला तर रंग चुकला. दिसेनासा झाला, की जमला. पहिला ठिपका चिखल उडाल्यासारखा दिसला. दुसरा गंजासारखा. ती कंटाळली, एका पायावरून दुसऱ्या पायावर आली, पण हात हलवला नाही. सतरावा ठिपका लावला आणि तो कुठे लावला तेच दोघांना सापडेना.

"गेला की हो!" ती लहान मुलीसारखी हसली. "कुणासाठी करताय एवढं?"

"एक पात्र आहे," तो म्हणाला. कोणतं, ते त्याने सांगितलं नाही. लपवावं असंही त्याच्या मनात नव्हतं. ते सांगण्यासारखं आहे, हेच त्याला सुचलं नाही. माणसं कामात बुडाली की असं होतं.

तिने मात्र दुसऱ्या दिवशी अख्ख्या वॉर्डाला सांगितलं, "माझा रंग टीव्हीवर येणार आहे!"

माझ्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली गेली: 'मोलकरीण'.

पहिला भाग लागला तेव्हा शेजारीणही बघायला आली होती. पडद्यावरची मोलकरीण आरशाला बाई समजून तिच्याशी भांडली. साखरेच्या जागी साबणाची पूड घातली. मालकिणीने कान पिळला तर डोळे गरगरवत म्हणाली, "म्या काय येडी हाय व्हय?" लोक हसायच्या आधीच हसण्याचा आवाज भरून ठेवलेला असायचा, तो खदखदला. शेजारीण पोट धरून हसली. मग तिचं लक्ष पडद्यावरून शेजारी बसलेल्या बाईच्या हाताकडे गेलं आणि दूध तापत ठेवल्याची आठवण होऊन ती उठली.

रंगदादाची बायको पडद्याकडेच बघत होती. "रंग अगदी बरोबर जमलाय हो तुम्हाला," एवढंच म्हणाली.

मालिका तुफान चालली. रोज सकाळी मी त्या नटीच्या गालांवर, मानेवर, हातांवर पसरत असे. पोरगी वाईट नव्हती. काम संपलं की मला साबणाने धुऊन टाकायची आणि आपल्या मूळ रंगात घरी जायची. रंगदादाच्या बायकोला तशी सोय नव्हती.

त्याच काळात एके दिवशी ती कामावरून आली आणि बटाटे सोलायला बसली. मी कोपऱ्यातल्या पेटीत होते. "आज एका पेशंटला सुई टोचताना म्हटलं, दंड ढिला सोडा, घाबरायचं नाही," ती सांगू लागली. "तर त्याने डोळे गरगरवले नि म्हणाला, म्या काय येडी हाय व्हय? सगळा वॉर्ड हसला. त्याची म्हातारी आईसुद्धा. मीही हसले. नाही तर काय करणार, सुई हातात होती."

बटाट्याचं साल जाड निघत होतं. ती एरवी पातळ काढायची.

दुसऱ्या दिवशी रंगदादाने धीर करून दिग्दर्शकाला विचारलं, "त्या मोलकरणीला एखाद्या भागात थोडी शहाणी दाखवली तर?"

"दादा, रंगाचं तुम्ही बघा. हसवायचं आम्ही बघतो."

तो रंगाचं बघत राहिला. मी झिजत राहिले.

दोन वर्षांनी त्याची बायको आजारी पडली. ज्या रुग्णालयात तिने एकवीस वर्षं लोकांच्या उशा सारख्या केल्या, तिथे तिची उशी दुसरं कुणीतरी सारखी करू लागलं. तो कामावरून थेट तिथे यायचा आणि पेटी खाटेखाली सरकवायचा. शेवटच्या आठवड्यात एकदा ती म्हणाली, "काय म्हणते तुमची मोलकरीण? अजून येडीच का?"

"हो गं."

"शहाणी करा हो तिला." मग जरा थांबून, "घाई नाही."

ती गेल्यावर त्याने मला वापरलं नाही. तयार तपकिरी रंग आणला. नटी आरशात बघत म्हणाली, "दादा, मी राखेत लोळल्यासारखी दिसतेय." तो म्हणाला, "जुना रंग संपला." तेव्हा माझ्यात तिसरा हिस्सा शिल्लक होता. मी पेटीच्या तळाशी, जुन्या ब्रशांखाली, गप्प पडून राहिले. वर्षभर.

मग एका सकाळी नवी मुलगी खुर्चीत येऊन बसली. डॉक्टरचं काम होतं, त्याच मालिकेत, चार भागांपुरतं. ती रंगाने त्याच्या बायकोसारखी होती. तिच्या हातात दिग्दर्शकाची चिठ्ठी: 'दोन छटा उजळ करणे.' ही इथली जुनीच तऱ्हा. मोलकरीण हवी तर गोरीला काळी करायची, आणि काळी मुलगी डॉक्टर झाली की तिला उजळायचं.

"करा सुरुवात, दादा," तिने डोळे मिटले. "मानेला विसरू नका. मागच्या वेळी चेहरा एकीचा आणि मान दुसरीची दिसत होती."

तिच्या हनुवटीवर जुना व्रण होता. तो झाकायला रंगदादाने एक डबी उघडली, दुसरी उघडली. सगळ्या फिकट. त्याचा हात पेटीच्या तळाशी गेला. पोच्यावर त्याचं नख लागलं आणि वर्षभराने माझं झाकण उघडलं.

त्याने तिच्या गालावर ठिपका लावला. ठिपका दिसेनासा झाला.

तो बोटाने ती जागा शोधू लागला. मुलीने डोळे उघडले. "अय्या! माझ्या रंगाची डबी? मी आजवर कुठल्याच पेटीत बघितली नाही. कुणासाठी केली होती?"

"माझ्या बायकोच्या हातावर केली," तो म्हणाला. "आणि लावली भलतीकडेच."

तिने झाकणावरची चिठ्ठी वाचली. मग हनुवटी पुढे केली.

त्याने माझ्यातल्या रंगाने तिचा व्रण झाकला आणि बाकी काहीच केलं नाही.

दिव्यांखाली दिग्दर्शक ओरडला, "दादा! हिला उजळायची होती ना?"

"रंगाचं मी बघायचं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"दादा, डोकं फिरलंय का तुमचं?"

"नाही, साहेब. ती डॉक्टर आहे. शहाणी आहे. अशीच दिसते."

दिवे लागलेले, वेळ निघून चाललेला, म्हणून तसंच चित्रण झालं. मुलीने रुग्णाची नाडी बघितली आणि साध्या आवाजात म्हणाली, "घाबरायचं नाही." रंगदादा दिव्याच्या खांबाआड जाऊन उभा राहिला.

पुढच्या भागांसाठी दुसरा रंगभूषाकार आला. रंगदादाला अजून कुणी बोलावलेलं नाही. तो घरीच असतो. मोलकरीण पडद्यावर अजून तशीच येडी आहे; माझ्याकडून तेवढं झालं नाही.

मी आता पेटीत नसते. खिडकीत असते, जिथे त्याची बायको हात उजेडात धरून उभी होती तिथे. झाकणावरची चिठ्ठी त्याने पाण्याने भिजवून हळूहळू काढली. वाचकहो, पुन्हा कधी पडद्यावर तसे कुणी डोळे गरगरवले, तर हसण्याआधी शेजारी कोण बसलंय तेवढं बघा. माझं मागणं एवढंच.

कधीकधी तो मला उघडतो आणि आपल्या मनगटावर छोटासा ठिपका लावतो. तो रंगाने उजळ आहे, त्यामुळे मी त्याच्या मनगटावर लगेच दिसते. तो मला पुसत नाही.