खालची उजवी दाढ

डॉ. दामोदर कर्णिक सत्तावीस वर्षं कर्जतच्या बाजारात लोकांचे दात काढत होते. वाकून वाकून पाठ कामातून गेली होती. पेशंटचे चेहरे तर हल्ली ध्यानातच राहत नसत.

सकाळी सरकारी दवाखान्यातून फोन आला तेव्हा खुर्चीत एक बाई तोंड वासून बसलेली होती. चौक गावाजवळ हायवेवर टँकर उलटून पेटला होता. ड्रायव्हर श्रीपत आणि क्लीनर पोपट, दोघं ओळखू न येण्याइतके जळाले होते. अंगानेही सारखेच. दोघांच्या खालच्या जबड्यात एकेक दाढ नव्हती. एकाची उजवीकडची, दुसऱ्याची डावीकडची. श्रीपतने आपली दाढ कर्णिकांकडे काढली होती, असं त्याची बायको सांगत होती.

कर्णिकांनी कार्ड शोधलं. त्यावर जुन्या पद्धतीची फुली होती. फुलीचे चार कोपरे म्हणजे तोंडाचे चार भाग, आणि आकडा मधल्या दातापासून मोजलेला. खाली डावीकडच्या कोपऱ्यात सहा.

"डावी," ते म्हणाले, आणि फोन ठेवून बाईकडे वळले.

दुपारी हवालदार जबाबाचा कागद घेऊन आला. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरला दाताचा नंबर नव्या पद्धतीने हवा होता. म्हणजे आधी तोंडाच्या भागाचा आकडा, मग दाताचा. कर्णिक बोट फिरवत मोजू लागले. पेशंटची वरची उजवी बाजू एक, वरची डावी दोन, खालची डावी तीन, खालची उजवी चार. कार्डाकडे पाहून त्यांनी चार लिहिलं, पुढे सहा लिहिलं, आणि त्यांचा हात थांबला.

फुली पेशंटसमोर उभं राहून काढलेली असते. कागदाची डावी बाजू ती पेशंटची उजवी. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात ते. सकाळी फोनवर त्यांनी कागदावरची डावी सांगितली होती.

"श्रीपतची बॉडी दिली का?"

"कवाच. कडावला नेली, घरी. पोपटचा बाप यायचाय अजून."

हवालदाराच्या मोटरसायकलवर मागे बसून ते कडावला पोचले तेव्हा माणसं तिरडी उचलायच्या बेतात होती. कर्णिकांनी हात वर केला.

"थांबा. हा श्रीपत नाही. चूक माझी झाली."

दाराशी बसलेली चंद्रभागा, श्रीपतची बायको, एकदम उठली. तिचे डोळे लखलखले.

"म्हंजी ते जित्ते हायेत?"

सत्तावीस वर्षांत त्यांना कुणी असं काही विचारलं नव्हतं. वाटेत त्यांनी सगळं जुळवून ठेवलं होतं, फक्त हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"नाही, बाई. ते दवाखान्यात आहेत. हा पोपट आहे."

ती मटकन खाली बसली. सकाळी एकदा बसली होती तशीच. श्रीपतचा भाऊ कर्णिकांच्या अंगावर धावून आला, हवालदाराने त्याला मधेच धरलं. "सोडा त्याला," कर्णिक म्हणाले. पण भावाच्याही अंगात जोर उरला नव्हता.

संध्याकाळच्या आत टेंपोतून पोपटला परत नेलं, श्रीपतला आणलं. चंद्रभागेने पोपटवर घातलेला हार काढू दिला नाही. "ऱ्हाऊ द्या. त्याचं बी कोनीतरी येनार हाय."

कर्णिक शेवटपर्यंत थांबले, अंगणाच्या कडेला, कुणी बसा म्हटलं नाही म्हणून उभेच. माणसं स्मशानातून परतली तशी चंद्रभागा त्यांच्यापाशी आली.

"डाक्तर, दाढ काढताना लई दुखलं व्हतं का त्यांना? घरी आले तवा काय बोलले नाय."

कर्णिकांनी आठवून पाहिलं. कार्डावर तारीख होती, सहाचा आकडा होता. माणूस काही केल्या आठवेना.

"मला आठवत नाही, बाई," ते म्हणाले.

तिने मान हलवली आणि आत गेली.