कोनमापकाच्या दोन ओळी

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीच्या तळाशी, तुटक्या पेन्सिलींखाली जो अर्धा चंद्र पडलेला असतो ना, तोच मी. जुना कोनमापक. एके काळी माझ्यातून आरपार दिसायचं. आता पिवळा पडलोय आणि एका टोकाचा टवका उडालाय.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात गेलं, गार होऊन मी बाहेर आलो आणि एका यंत्रानं माझ्या अंगावर आकड्यांच्या दोन ओळी छापल्या. आतल्या ओळीचा शून्य उजवीकडे, बाहेरच्या ओळीचा डावीकडे. कोनाची पहिली रेघ ज्या बाजूला, त्या बाजूच्या शून्यापासून मोजायचं. बस्स, एवढंच.

सुरुवातीला मी ताईकडे होतो. ती मला रुमालानं पुसायची. तिच्या वहीत ‘सुबक’ असा शेरा आला की मीही फुगायचो. मग मी धाकटीकडे आलो. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. “आपल्या खानदानातलं गणित ताईवरच संपलं,” असं बाबा जेवताना गमतीनं म्हणायचे आणि भिंगरी ते खरं धरून शाळेत यायची. बाईंनी खडू उचलायच्या आत हिची वही मिटलेली. माझ्या वाट्याला कामं कोणती, तर डिंक पसरवणं आणि पाठ खाजवणं.

कधी कोन मोजलेच, तर निम्मे बरोबर यायचे, निम्मे चूक. तिला वाटायचं, गणित म्हणजे नुसता नशिबाचा खेळ. शेवटी तिनं पुढच्या वर्षी गणित सोडायचा अर्ज आणला. बाबांची सही तेवढी राहिली होती.

त्याच दिवशी बाई तिच्या बाकापाशी थांबल्या. वहीत एक छोटा, टोकदार कोन होता आणि शेजारी लिहिलं होतं, १३०.

“हा काटकोनापेक्षा मोठा दिसतो का गं?”

“नाही. पण यावर एकशेतीसच आहे.”

“आणि बाहेरच्या ओळीत?”

“पन्नास. पण ती ओळ माझी नाही ना, बाई. मी डावखुरी. आतली ओळ डावखुऱ्यांची.”

सगळा वर्ग हसला. ताईनं कधीतरी चेष्टेत मारलेली थाप ती, आणि हिनं चार वर्षं इमानानं पाळली होती. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “आणि एकदाही कुणाला विचारलं नाहीस?”

भिंगरीचे कान लाल झाले. आता वही मिटणार, असं मला वाटलं. पण तिनं मला उचललं. आधी नुसत्या डोळ्यांनी अंदाज बांधला, मग मोजलं. असे अकरा कोन झाले, अकराही बरोबर. मग तिनं चक्क हात वर केला. दोन ओळींतल्या आकड्यांची बेरीज दर वेळी एकशेऐंशीच का येते, हे तिला विचारायचं होतं. बाई म्हणाल्या, शोध आणि उद्या तूच सांग.

संध्याकाळी बाबांनी सहीसाठी पेन उघडलं.

“राहू दे, बाबा. उद्या मला फळ्यापाशी जायचंय.”

“अगं, आपल्या खानदानात...”

“खानदानाचं खानदान बघेल.”

बाबांनी पेनाला टोपण लावलं.

मित्रांनो, मला धुऊन-पुसून ठेवा, टोकं मोडू नका, ते आहेच. पण खरं मागणं वेगळं आहे. मला कागदावर ठेवण्याआधी त्या कोनाकडे एकदा स्वतः बघा. माझ्या अंगावर दोन्ही आकडे असतात. तुमचा कोणता, ते मला सांगता येत नाही.