शून्य दशांश नऊ नऊ आठ

"ताई, शून्य दशांश नऊ नऊ आठ! रेष इतकी चोख बसली, आता खुसपट कशाला काढता?" डॉक्टर सही करायला वाकले.

ताईंनी कागदावर तळहात ठेवला. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं रक्त तपासताना त्यांनी प्रमुखांची सही कधी अडवली नव्हती. रक्तातलं औषध मोजणारं नवं यंत्र आजपासून सुरू व्हायचं होतं. ताकद आधीच ठाऊक असलेली आठ द्रावणं त्यात घालून ताईंनी आलेखावर ठिपके मांडले होते आणि संगणकाने त्यांतून सरळ रेष काढली होती; तिच्यावरूनच यंत्र औषध मोजणार होतं. रेष ठिपक्यांना किती जुळते ते सांगणारा आकडा एकच्या जितका जवळ, तितका चांगला.

"आकडा खोटा नाही, डॉक्टर. पण दुरून डोंगर साजरे. प्रत्येक ठिपका रेषेपासून किती सुटलाय, ते मी वेगळं मांडलंय. बघा तरी."

मधले चार ठिपके रेषेच्या वर, दोन्ही टोकांचे दोन-दोन खाली. जणू पालथी वाटी.

"योगायोगाने सुटले असते तर कसेही विखुरले असते. हे तर वळण धरून चाललेत! म्हणजे इथे सरळ रेष चालायचीच नाही."

"पण चूक केवढीशी? जेमतेम एका एककाची!"

"शंभरात एक गेला तर कोण विचारतो? दोनात एक गेला तर? आणि औषध दोनच्या आसपास कुणाच्या रक्तात येतं? नवजात बाळांच्या."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

ताईंनी दोन ताकदीचं ताजं द्रावण यंत्रात घातलं. आकडा उमटला: १.१.

"बाप रे! औषध कमी पडतंय समजून वॉर्डात डोस वाढवला असता!" डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसले. "वाकवा, ताई, वाकवा ती रेष!"

ताईंनी कळफलक पुढे ओढला. त्यांनी वर जाताना वाकत जाणारं सूत्र निवडलं. तो मिरवणारा आकडा केसभर हलला, ०.९९९ झाला. सुटलेले ठिपके मात्र शाळा सुटल्यासारखे वर-खाली पांगले. तेच द्रावण पुन्हा घातलं.

२.०.

"जमलं!" डॉक्टर असे ओरडले की शेजारच्या खोलीतला शिपाई धावत आला.

दुपारी नवजात कक्षातून पहिला नमुना आला. ताईंनी निकाल फोनवर कळवला, तशी तिथली परिचारिका म्हणाली, "नक्की ना? की डॉक्टरांना विचारून सांगता?"

ताईंनी पलीकडे पाहिलं. डॉक्टर ऐकत होते, पण फोनसाठी त्यांनी हात पुढे केला नाही.

"नक्की," ताई म्हणाल्या. "मी मोजलंय."