उषाबाईच्या छातीतला संबळ

चैत्रातल्या मंगळवारी टेंभुर्णीच्या बाजारतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. देवीच्या भगतानं, पुंजारामबाबांनी, तीर्थाची तांब्याची घागर सकाळपासून भर उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी मांडली होती. तीर्थाचा महिमाच तसा होता. रखमाजीच्या उषाबाईची छाती मधूनच धडधडायला लागे; बाबा तिचं तोंड तीर्थाच्या परातीत बुडवत आणि धडधड थांबे. हिवाळ्यात दोनदा अख्ख्या गावानं हे पाहिलं होतं.

"देवी छातीत संबळ वाजवून राह्यली," बाबा सांगत. "डाक्टरच्या नळीला देवी ऐकू येती व्हय?"

आज बाजारातच उषाबाईची छाती पुन्हा धडधडायला लागली, पण देवी ऐकेना. बाबांनी तोंड एकदा बुडवलं, दोनदा बुडवलं. तास उलटला. उषाबाईचे ओठ काळपटले, मान कलली.

"इथं कोन्ही नास्तिक हाय," बाबांनी जाहीर केलं. आपलं खापर दुसऱ्याच्या माथी फोडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सगळ्यांचे डोळे दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे, सत्यशीलाकडे वळले.

सत्यशीलाला संताप आला होता, पण आधी तिनं परातीत बोट बुडवलं. पाणी अंघोळीला चालेल इतकं कोमट. मग घड्याळ पाहत उषाबाईची नाडी मोजली. ठोके एकसारखे, पण मिनिटाला दोनशे.

तिचं घर बाजारतळाला लागून, बौद्धवाड्यात. रांजणातलं गार पाणी मडक्यात घेऊन ती आली, तशी गर्दीत कुजबुज झाली. रखमाजीनं बाबांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि स्वतः परात रिकामी करून मडक्याखाली धरली.

"श्वास रोखा, उषाबाई."

कपाळापर्यंत तोंड बुडालं. सत्यशीलाच्या बोटांखाली नाडी अडखळली, क्षणभर थांबली आणि संथ चालू लागली.

"बघा, तीर्थाचा गुण जरा उशिरा आला," बाबा म्हणाले.

"गार पाण्याचा गुण आला," सत्यशीला म्हणाली. "गार पाणी तोंडाला लागलं की काळजाचा वेग उतरतो. त्याला मंतर लागत न्हाई अन् जातबी लागत न्हाई. थंडीत बाबाचं पाणी गार होतं, आज तापलं. पण हे समद्यांचं औषध न्हाई. ज्याची नाडी आधीच मंद, त्याच्या यानं जिवावर बेतंल. आधी नाडी मोजा, मंग काय ते करा. रखमाजीभाऊ, जल्दी जालन्याला न्या, काळजाची पट्टी, म्हंजी ईसीजी, काढून घ्या."

उषाबाईनं त्याच मडक्यातलं पाणी मागून घेतलं आणि ती ते सगळ्यांदेखत प्यायली.

चमत्कार दिसला की हात जरूर जोडावेत. पण त्याआधी त्यात एक बोट बुडवून पाहावं.