ताप चढायच्या आत

“आई, मी कोण?”

“माझी सासू! रोज सकाळी कसली गं ही उलटतपासणी?”

लेक हसली नाही. इस्पितळातून मला घरी आणल्यापासून ती चहाच्या आधी हेच विचारते. तिचं तरी काय चुकलं? लघवीचा जंतुसंसर्ग होऊन मला ताप भरला, अंगातलं पाणी कमी झालं आणि इस्पितळात भर दुपारी मी खाटेवर उठून बसले. स्वतःच्या हाताची सलाइन स्वतःच काढली. रक्ताचा थेंब न सांडता, वर कापूस दाबून. मग लेकीलाच दरडावलं, “नातेवाईकांनी बाहेर थांबा. राउंड सुरू आहे.” आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईची नाडी बघायला निघाले.

हे सगळं लेकीनं सांगितलेलं; मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. जन्मभर नर्स होते मी. माझ्या पहिल्या वॉर्डच्या खिडक्या निळ्या होत्या, मेट्रन चालली की किल्ल्या वाजायच्या, हे अजून डोळ्यांसमोर आहे. आणि पोटची पोर मला कुणाची तरी नातेवाईक वाटली!

“शरीर सावरलं की डोकंही सावरतं,” डॉक्टर म्हणाले. सावरलंही. पण मी वॉर्डात पाहिलंय. म्हातारी माणसं तापातून उठायची, घरी जायची, पण दर खेपेला थोडी कमी होऊन. एखादं नाव, एखादा चेहरा मागेच राहायचा.

आज सकाळपासून लघवीला पुन्हा जळजळतंय. अंगात कणकण आहे. सांगितलं तर तीच खाट. नाही सांगितलं तर मी लेकीला ओळखेनाशी होणार, तेही इथे, या घरात. पाण्याचा पेला हातात धरून मी स्वयंपाकघरात उभी राहिले. दुखणं लपवणारे म्हातारे कशाला भीत होते, ते आता कळलं.

“चिमे,” मी हाक मारली. “पुन्हा जळजळतंय गं.”

केस विंचरता विंचरता तिचा हात थांबला. “कधीपासून?”

“सकाळपासून. ताप चढायच्या आत जाऊ. आणि हे बघ, तिथे मी तुला बाहेर घालवलं तर...”

“तर दारात उभी राहीन. जातेय कुठे मी?”

मला खुर्चीत टेकवून ती माझ्या चपलेचा पट्टा लावायला खाली बसली. अर्धेच विंचरलेले केस, वाकडा भांग, कानामागे लहानपणी पडल्याचा बारीक व्रण. मी टक लावून पाहत राहिले.

“झालं. ऊठ, आई.”

“थांब जरा,” मी म्हटलं. “अशीच बस.”