वळचणीचे बोळे आणि मी

मित्रांनो, वीज न खाता फिरणारा पंखा तुम्ही कधी पाहिला आहे का? नसेल तर जरा मान वर करा. छपरावर कांद्यासारखा गोल, पत्र्याच्या पात्यांचा जो म्हातारा बसलाय ना, तो मीच.

एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने मला घडवले. पाती वाकवताना तो म्हणाला होता, "खाली तापलं की तू फिरायचंस. दुसरं काम नाही तुला." माळ्यावर साठलेली गरम हवा मी वर ओढतो आणि बाहेर सोडतो. तिच्या जागी वळचणीखालच्या चार झरोक्यांतून ताजी हवा आत येते.

या माळ्यावर आजी शिवणकाम करायच्या. भर उन्हाळ्यात खाली सगळे हाश्शहुश्श करत आणि वर आजींचे मशीन खुशाल चाले. शेजारणी कापड द्यायला येत, त्या उठायचे नाव घेत नसत. "तुमच्या माळ्यावर आलं की घरी जावंसंच वाटत नाही हो," असे त्या म्हणत. ते ऐकून मी एक गिरकी जास्तच घेई.

गेल्या हिवाळ्यात आजी गेल्या. मशीन थांबले. आजोबा मात्र रोज वर येत, मशीनवरची धूळ पुसत आणि शेजारच्या स्टुलावर बसून राहत.

मग उन्हाळा आला आणि माळा भट्टीसारखा तापला. मी फिरायला बघत होतो, पण खालून हवाच येत नव्हती, मग ओढू काय? एका दुपारी आजोबांना तिथेच घेरी आली. त्यांचा मुलगा घाबरून गेला.

"बाबा, आता पुरे. रविवारी सुतार येतोय. दाराला फळ्या मारून माळा कायमचा बंद. मशीन देऊन टाकू कुणाला तरी."

"अरे, तुझी आई उन्हाळाभर इथेच बसायची की!"

"तेव्हा वरचा पंखा चालायचा. आता म्हातारा झालाय तो."

"म्हातारा तर मीही झालोय. मलाही फळ्या मारतोस का?"

सून हसू दाबत पाण्याचा तांब्या भरायला गेली. मुलगा काही मागे हटला नाही. सगळे खापर माझ्या डोक्यावर फुटले, आणि मला तोंड उघडायची सोय नाही.

शनिवारी आजोबा माळ्याचा निरोप घ्यायला वर आले. मशीनखाली घरंगळलेली रिळे गोळा करायला ते वाकले आणि त्यांना वळचणीच्या कोपऱ्यात निळ्या फुलांचे कापड दिसले. आजींच्या जुन्या गाऊनचे. झरोक्यात घट्ट कोंबलेले.

थंडीचा वारा आत येऊ नये म्हणून आजी दर हिवाळ्यात झरोक्यांत चिंध्यांचे बोळे बसवत आणि ऊन तापू लागले की काढून टाकत. इतकी वर्षे हे चालले होते. घरात कुणाला पत्ता नव्हता, आजोबांनाही नाही. या वर्षी बोळे बसले, पण काढणारे हात उरले नव्हते.

आजोबांच्या मनात तेव्हा हवाबिवा काही नव्हते. त्यांना ते कापड हवे होते. त्यांनी दोन्ही हातांनी ते ओढले आणि छातीशी धरले. तोच झुळूक आली आणि त्यांच्या तोंडावरून गेली. वर माझी पाती हलली.

"अगं," आजोबा म्हणाले, "हे तू करत होतीस होय!"

मग त्यांनी मुलाला अशी हाक मारली की तो दोन दोन पायऱ्या चढत आला.

"बाबा! काय झालं? परत घेरी?"

"घेरी नाही रे. तुझ्या आईचं काम राहिलंय. पोटावर झोप आणि तो पलीकडचा बोळा काढ."

मुलाने एकेक करून उरलेले तिन्ही बोळे काढले. शेवटचा हातात धरून तो तिथेच बसून राहिला. तो त्याचाच लहानपणचा सदरा होता.

आणि मी? मित्रांनो, मी असा फिरलो, असा फिरलो, की छपरावरचे कावळे उडाले! कित्येक दिवसांचा कोंडलेला उकाडा मी भसाभस आभाळात फेकला. संध्याकाळी सून वर आली, तेव्हा बापलेक जमिनीवर ऐसपैस बसले होते आणि कुणाच्या कपाळावर घाम नव्हता.

रविवारी सुतार फळ्या घेऊन हजर. "कुठे मारायच्या?"

"फळ्या परत न्या," सून म्हणाली. "झरोक्यांना झडपा करून द्या. थंडीत लावायच्या, उन्हाळ्यात उघडायच्या. आणि त्या म्हाताऱ्याला थोडं तेल पाजा."

तर मित्रांनो, तुमच्याही छपरावर माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला कधीतरी तेल घाला आणि त्याच्या हवेची वाट बुजली नाही ना, ते पाहा. घरात वारा आपोआप खेळत नसतो. कुणीतरी त्याची वाट मोकळी करत असते, न बोलता. ते कोण, हे ते माणूस घरात असतानाच विचारून घ्या आणि एक झडप तुम्ही उघडा.

पुढे सूर्याशी काय ते मी बघून घेतो!