गॅलरीखालची माणसं

नवापूरच्या जुन्या मैदानावर खेळ बंद पडून बारा वर्षं झाली होती. धावपट्टीवर बाभळी माजल्या होत्या आणि प्रेक्षकांच्या सिमेंटच्या गॅलरीखाली अकरा कुटुंबांनी ताडपत्र्या बांधून संसार थाटले होते. त्यांतलंच एक मंगळीबाईचं.

जोसेफ गावित सरांना ते बघवत नसे. तीस वर्षं खेळाचे शिक्षक म्हणून त्यांनी याच मैदानावर पोरींना धावायला शिकवलं होतं. मंगळी त्यांतली सगळ्यांत वेगवान. आठशे मीटरला ती राज्यापर्यंत गेली होती. मग लग्न झालं, नवरा सुरतेला मजुरीवर असताना वारला, आणि लेक रिनाला घेऊन ती या गॅलरीखाली येऊन राहिली.

नगरपालिकेने मैदानाचा आराखडा मांडला तेव्हा सर सभेला हजर होते. दोन इमारती, मध्ये बाग, बागेभोवती चालायला वाट. ‘सध्या राहणाऱ्यांना घरात प्राधान्य,’ असं मुख्याधिकारी साहेबांनी माइकवर सांगितलं. सरांचा जीव मैदानात होता, तरी त्यांनी मनाची समजूत घातली. खेळ तर गेलाच होता, निदान मंगळीच्या डोक्यावर छप्पर येईल.

जागा सोडायच्या कागदावर मात्र कुणीच अंगठा द्यायला तयार होईना. सर स्वतः गॅलरीखाली गेले.

मंगळीने कागद हातात घेऊन विचारलं, “सर, तुम्ही सांगता म्हणजे खरंच घर मिळेल ना?”

“मिळेल. मी आहे ना.”

तिने सही केली. तिचं पाहून बाकीच्या दहांनीही केली. साक्षीदार म्हणून खाली सरांची सही होती.

एका वर्षासाठी म्हणून त्यांना गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. ते एक वर्ष अडीच वर्षांवर गेलं. तिथून शाळा लांब पडली, म्हणून रिनाने नववीतच शाळा सोडली आणि कोंबड्यांच्या फार्मवर जाऊ लागली. सरांनी तिला दोनदा समजावलं. ती खाली मान घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फार्मवर जायची.

इमारती उभ्या राहिल्या. घरांची यादी लागली, त्यात अकरांपैकी एकाचंही नाव नव्हतं. सर कार्यालयात धावले. तिथले कारकून उखा पाटील मूळचे रनाळ्याचे. ते हळू आवाजात, अहिराणी वळणाने म्हणाले, “मास्तर, मन्हा हातमा काय शे? राहण्याचा पुरावा पाहिजे. गॅलरीले घर नंबर कुठला?”

ते सांगायला सर शेडवर गेले. मंगळी भाकरी थापत होती. ऐकून तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली.

“त्या कागदावर तुमची सही होती ना, सर? मग आम्ही तिथं राहत होतो, हे तुम्हीच लिहून द्या.”

सरांनी प्रतिज्ञापत्र केलं. ते घेऊन नंदुरबारला जिल्हा कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या साहेबांनी कागद वाचला आणि शांतपणे परत दिला. “सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण कुणाच्या शब्दावर घर देता येत नाही.”

परतीच्या गाडीत सरांना आठवत राहिलं, की त्या अकरा जणांनी तर फक्त शब्दावरच जागा सोडली होती.

बागेचं उद्घाटन झालं त्या दिवशी जुने शिक्षक म्हणून सरांना पहिल्या रांगेची खुर्ची होती. ते गेले नाहीत. पिशवीत तांदूळ घेऊन शेडकडे निघाले. मंगळीच्या पत्र्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारची दगूबाई बाहेर आली.

“गेल्या त्या मायलेकी. गुजरातेत वीटभट्टीवर. मुकादमाची गाडी आली होती.”

“रिनापण?”

“हो. तीपण.”

“कुठल्या गावाला?”

“ते कुठं सांगतात?”

“माझ्यासाठी काही सांगून गेली का?”

दगूबाईने थोडा विचार केला. “नाही सर. तुमचं नावसुद्धा नाही काढलं.”

सरांनी तांदूळ तिच्या हातात दिले. ऊन चढलं होतं. शेडमधली उरलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती, पण यादीत नाव येण्याचं काय झालं हे त्यांना कुणीही विचारलं नाही.